चोखणी सुटली तेव्हा

लहान मुलाची चोखणी सोडवणे हे दिसायला किरकोळ काम, पण त्यात मोठ्यांचीच परीक्षा होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेने आमच्या कुरुंदवाडला वेढा घातला. छावणीत आमची तान्ही लेक रात्रभर रडायची, म्हणून तिच्या तोंडात रबरी चोखणी दिली. पूर ओसरला, सवय राहिली. लेक दोन वर्षांची झाली तरी चोखणीशिवाय झोपेना. खाली पडलेली चोखणी पुन्हा तोंडात गेली की जुलाबाची धास्ती. शिवाय ही सवय लांबली तर वरचे दात पुढे येतात.

कोणी म्हणाले, चोखणीला मिरची लावा. कोणी म्हणाले, दृष्ट काढा, गंडा बांधा. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर आहेत. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यातच आहे. मग पोटच्या लेकराच्या जिभेला मिरची कशी लावणार? आणि गंड्यादोऱ्याला आमच्या घरात थारा नाही.

आम्ही मध्यम मार्ग धरला. आठवडाभर दिवसा चोखणी बंद केली, फक्त झोपताना दिली. मग रात्रीचीही थांबवली. हातात आईचे जुने सुती लुगडे दिले. तीन रात्री लेक रडली. आम्ही दोघांनी आळीपाळीने तिला मांडीवर घेऊन थोपटले. बापानेही अंगाई म्हटली. चौथ्या रात्री ती आपोआप झोपली.

रडणाऱ्या लेकराला माणसाची ऊब हवी असते. ती गरिबाच्या घरातही भरपूर असते.

जयभीम!