मकबऱ्यासमोर दादीला कुठं बसवायचं?

औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात येणारी बहुतेक कुटुंबं एकच फोटो काढतात. मागं अख्खा मकबरा, त्याच्या पायथ्याशी सगळे ओळीत. घरी येऊन पाहावं, तर माणसं मुंगीएवढी.

या वेळी आम्ही दादीला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. पुन्हा येणं होईल की नाही, कोण जाणे. चेहरा नीट दिसेल असा तिचा एक तरी फोटो हवा होता.

म्हणून आधी ठरवलं, फोटो दादीचा, इमारतीचा नव्हे. मग माणसाला इमारतीजवळ पाठवायचं नाही, मोबाइलजवळ बोलवायचं. दादी चार पावलांवर कट्ट्यावर बसली, मकबरा दूर मागं राहिला. तिचा चेहराही आला आणि घुमटही. आम्हीही खाली बसलो, कारण उभ्यानं काढलं की बसलेलं माणूस दबल्यासारखं दिसतं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ग्रिड सुरू केलं की पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा येतात. दादीला मधोमध न घेता उजव्या रेघेवर घेतलं, तोंड डावीकडं. नजरेपुढं जागा मोकळी राहिली. एक मिनार तिच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता. आम्ही पाऊलभर सरकलो, मिनार बाजूला झाला.

मकबऱ्याला मात्र मधोमधच घ्यावं. 1657 साली वारलेल्या दिलरस बानो बेगम यांची ही वास्तू दोन्ही बाजूंनी सारखी रचलेली आहे, आणि दरवाजातून आत येताच कारंज्यांची रांग नजर सरळ घुमटाकडं नेते. तिथं तिरपा फोटो काढणं म्हणजे उगाच हट्ट. दरवाजाची कमान चौकटीसारखी घ्यावी. आत अंधार, बाहेर उजेड असतो, म्हणून पडद्यावर उजेडाच्या भागावर बोट टेकवावं.

दुपारी बाराला गेलात तर डोळे मिचकावलेले चेहरेच मिळतील. दरवाजा दक्षिणेला, म्हणजे मकबऱ्याकडं तोंड केलं की पश्चिम डावीकडं येते. असरच्या सुमाराचं ऊन तिकडूनच दादीच्या चेहऱ्यावर पडलं होतं. ताजची नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीही या वेळी भिंती पाहाव्यात. खालचा पट्टा आणि घुमट संगमरवराचे, मधल्या दगडावर बारीक गिलावा. तिरप्या उन्हात दोन्हींची झळाळी वेगळी दिसते.