टेप नंबर एकोणीस

नोव्हेंबर जवळ आला की पॅरिशच्या कचेरीत आमचं काम वाढतं. मृतांच्या स्मरणाच्या मिस्सांसाठी घरोघरची पाकिटं येतात. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर नावं. कुणी वळणदार अक्षरात चौदा नावं लिहितं, कुणी ‘आमचे सगळे’ एवढंच लिहून मोकळं होतं. आम्ही दोघं नवराबायको ती नावं वहीत उतरवून घेतो. इतकी वर्षं हे काम करतो, आणि तरी यंदा आमच्याच घरची नावं आमच्याच हातून पुसली गेली. त्याची ही गोष्ट आहे. यात थोडं कॉम्प्युटरचं येईल, पण घाबरू नका. लागेल तेवढंच सांगतो.

बाबांना आवाज जमवायचा नाद होता. बेळगावात नोकरी, मूळ गाव खानापूरच्या बाजूला. सुट्टी लागली की टेपरेकॉर्डर पिशवीत घालून गावी जायचे. नाताळची गाणी, लग्नाच्या आदल्या रात्रीचा गोंधळ, संध्याकाळची जपमाळ, आजीचं पुटपुटणं, मागे कोंबड्यांचा आवाज, असं सगळं त्यांनी भरून ठेवलं. ते २०१८ मध्ये गेले तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत एकसष्ट कॅसेट निघाल्या. बहुतेकांवर नाव नव्हतं. बाबांना ते लिहायची गरज वाटली नसणार. त्यांना ऐकून कळायचं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही त्या कॅसेट एकेक करून कॉम्प्युटरवर घेतल्या. काहींना बुरशी लागली होती, एकीची फीत पेन्सिलीने गुंडाळावी लागली. फायलींना नावं दिली ती अशी: टेप ०१ ए, टेप ०१ बी, टेप ०२ ए. त्या ठेवायला जुन्या कॉम्प्युटरमध्ये चार टेराबाइटच्या दोन डिस्क घातल्या. दोन्हींवर तेच लिहिलं जातं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. वर ट्रूनॅस ही प्रणाली बसवली. तेव्हा तिचं नाव फ्रीनॅस होतं. पुढच्या वर्षी तिच्यावर जेलीफिन घातलं. हे मोफत सॉफ्टवेअर आहे. घरातल्या गाण्यांची, फोटोंची, व्हिडिओंची ते छान यादी करतं आणि टीव्हीवर, फोनवर ऐकवतं.

आईंना तर ते फारच आवडलं. संध्याकाळची जपमाळ झाली की टीव्हीसमोर बसायचं आणि बाबांची एक टेप ऐकायची, हा त्यांचा नेम झाला.

त्याच वर्षी थोरल्या आत्या महिनाभर राहायला आल्या होत्या. बाबांची ही मोठी बहीण, तेव्हा शहाऐंशी वर्षांची. कानाने पक्क्या. आत्या आणि आई एका बाजूला, आम्ही लॅपटॉप घेऊन दुसऱ्या बाजूला. टेप लावायची, आत्या हात वर करायच्या, आम्ही थांबवायचो. “ही पाटलांच्या वाड्यातली धाकटी. हा तिचा दीर, ह्याचा आवाज असाच फाटका.” आम्ही ते जेलीफिनमध्ये त्या त्या टेपखाली लिहायचो. कोण बोलतंय, कुठलं घर, कुठला प्रसंग. महिनाभरात एकसष्ट कॅसेटींची नावं लागली. आत्या २०२३ मध्ये देवाघरी गेल्या.

आता यंदाचं. आमची ट्रूनॅस जुन्या शाखेची होती, तिला ‘कोअर’ म्हणतात. ती फ्रीबीएसडीवर उभी आहे. नवीन काम सगळं लिनक्सवरच्या शाखेत चालतं, आणि जुनीत आता फक्त डागडुजी होते. म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही घर बदलायचं ठरवलं. यात एक अडचण आधीपासून माहीत होती. जुन्या प्रणालीत जेलीफिनसारखी सॉफ्टवेअर वेगळ्या बंद खोलीत चालायची. त्या खोलीला चक्क ‘जेल’ म्हणतात. नव्या प्रणालीत तसली जेल नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या २४.१० आवृत्तीपासून तिथली अ‍ॅप डॉकरवर चालतात. म्हणजे जेल जशीच्या तशी उचलून नेता येत नाही. जेलीफिन नव्याने बसवावं लागतं. एवढं वाचलं होतं, आणि एवढंच वाचून आम्ही थांबलो.

मोठ्या गोष्टींत मात्र आम्ही फार जपून वागलो. जुन्या सेटिंगची फाइल उतरवून घेतली. सगळ्या टेपा बाहेरच्या डिस्कवर आणखी एकदा काढल्या. नवी प्रणाली वेगळ्या छोट्या एसएसडीवर बसवली, जुनी तशीच ठेवली. दोन्ही डिस्क नव्या प्रणालीने पाच मिनिटांत ओळखल्या. तिथे एक बटण असतं, साठ्याची रचनाही नवीन करू का म्हणून विचारणारं. ते दाबलं की जुन्या प्रणालीला तो साठा उघडता येईलच असं नाही, परतीची वाट बंद होऊ शकते. ते आम्ही दाबलं नाही. शनिवारी रात्री दहा वाजता सगळ्या फायली जागच्या जागी होत्या. देवाचे आभार मानून झोपलो.

रविवारी मिस्साहून आल्यावर चुकलो.

नवं अ‍ॅप बसवण्याआधी जरा झाडलोट करू म्हटलं. साठ्यात एक कप्पा दिसला, ‘आयोकेज’ नावाचा. जुन्या जेल ठेवायची ती जागा. जेल आता चालणार नाहीत, मग हा कप्पा कशाला? काढून टाकायला गेलो तर प्रणालीने अडवलं. खरंच काढायचं असेल तर कप्प्याचं नाव स्वतःच्या हाताने टाइप करा, असं ती विचारते. आम्ही केलं. एक अक्षर चुकलं तेव्हा तिने पुन्हा विचारलं. आम्ही पुन्हा टाइप केलं.

मग जेलीफिन बसवलं, टेपांचा फोल्डर दाखवला, आणि यादी कोरी आली. एकही टेप नाही. पोटात गोळा आला. तासाभराने कळलं की फायली होत्या, पण त्या वाचायची परवानगी नव्हती. नव्या प्रणालीत अ‍ॅप ५६८ या क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात, आणि आमचे फोल्डर जुन्याच क्रमांकाच्या मालकीचे होते. परवानगी दिली, पुन्हा शोधायला लावलं, आणि यादी भराभर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टेप ०१ ए. टेप ०१ बी. टेप ०२ ए.

शेवटपर्यंत तेवढंच. नावं नाहीत. पाटलांच्या वाड्यातली धाकटी नाही, फाटक्या आवाजाचा दीर नाही.

आम्ही महिनाभर बसून लिहिलेली नावं टेपांमध्ये लिहिलीच नव्हती. जेलीफिनच्या स्वतःच्या वहीत लिहिली होती, आणि ती वही त्या बंद खोलीत होती. जेल चालली नसती तरी वही तिथून काढून घेता आली असती. कप्पा गेला, त्याबरोबर त्याचे जुने स्नॅपशॉटही गेले. बाहेरच्या डिस्कवर टेपा होत्या, वही नव्हती. दोन डिस्कवर तेच लिहिलं जातं ते खरं, म्हणून पुसलंही दोन्हींवर गेलं. ओळखीच्या एका जाणकार मुलाला विचारलं. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि आता आशा ठेवू नका म्हणाला.

दोष कुणाचा नाही, आमचाच. विचारलं होतं, तेही दोनदा.

आईंना सांगायला दोन दिवस लावले. तोवर टीव्ही बिघडलाय म्हणून वेळ मारून नेली. हे खोटं बोलणं आम्हाला फार लागलं, कारण ते तोंडातून सहज निघालं. तिसऱ्या दिवशी जपमाळ संपल्यावर सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “टेपा हायत न्हवं?” आहेत म्हटलं. “मग लावा की. मी हाय अजून.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक टेप. आई आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, एका कानाने कमी ऐकू येतं. हेडफोन त्यांना आवडत नाही, म्हणून स्पीकर जवळ घेऊन बसतो. त्या हात वर करतात, आम्ही थांबवतो. पण या वेळी आधी शाळेच्या वहीत पेनने लिहितो. मग तेच फायलीच्या नावात आणि फायलीच्या पोटातल्या टॅगमध्ये लिहितो. म्हणजे ती फाइल कुठेही गेली, कोणत्याही प्रणालीवर गेली, तरी नाव तिच्याबरोबर जाईल. जेलीफिन गेलं तर गेलं.

पॅरिशच्या कचेरीत हे आम्हाला कधीच उमजायला हवं होतं. तिथल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एखाद्याचं लग्न झालं की त्याची नोंद त्याच्याच बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी करतात. लग्न दुसऱ्या गावी झालं तरी तिथले धर्मगुरू कळवतात आणि ती ओळ भरली जाते. माणसाबद्दलची गोष्ट त्या माणसाच्या नावापाशीच राहावी, हा त्यामागचा विचार. आम्ही त्या वह्या हाताळतो आणि घरी नेमकं उलट करून बसलो.

आतापर्यंत चव्वेचाळीस टेपा झाल्या. सगळं पहिल्यासारखं आलेलं नाही. गावाकडची जुनी माणसं आत्यांना माहीत होती, आईंना सगळी माहीत नाहीत. पण काही नवीनही कळलं. एका नाताळच्या टेपेत पेटी वाजवणारे गृहस्थ आहेत, मध्येच हसून ‘पुन्हा एकदा’ म्हणतात. ते आमच्या जुन्या गायनमंडळाचे मास्तर, असं आमच्या डोक्यात पक्कं होतं. आई म्हणाल्या, “मास्तर कुठले? ते कोपऱ्यावरचे शिंपीकाका. चर्चमधले न्हवतेच ते. पेटी वाजवणारं आमच्याकडं कोण नव्हतं म्हणून दर नाताळाला यायचे.” २०२१ मध्ये आत्या भराभर सांगत होत्या आणि आई गप्प होत्या. तेव्हा आम्ही आईंना विचारलंच नव्हतं, हेही यानिमित्ताने कळलं.

आणि एक टेप आहे, एकोणीस नंबरची, बी बाजू. जपमाळ चालली आहे. आजी अर्धी प्रार्थना म्हणते आणि सगळे मिळून उरलेली म्हणतात. त्या सगळ्यांत एका बाईचा आवाज वेगळा ऐकू येतो. स्वच्छ, जरासा पुढे धावणारा. बाकीचे ‘आमेन’पर्यंत पोहोचायच्या आत तिचं ‘आमेन’ झालेलं असतं. आईंनी ती टेप तीनदा ऐकली. मान हलवली. “आत्यांना ठाऊक होतं,” म्हणाल्या.

ठाऊक होतंच. आम्हालाही आठवतं की आत्यांनी नाव सांगितलं होतं, हसून काहीतरी किस्साही सांगितला होता, आणि आम्ही ते टाइप केलं होतं. टाइप केल्याचं आठवतं. नाव आठवत नाही. लिहून ठेवलंय म्हणजे आता डोक्यात ठेवायला नको, असं वाटलं असणार. खानापूरला फोन करून पाहिले, टेपेचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. कुणी ओळखलं नाही. त्या वयाचं आता कुणी उरलेलं नाही.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात, देव आपल्याला विसरला म्हणून रडणाऱ्या सियोनला देव उत्तर देतो. तिला आपण आपल्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे, अशा अर्थाचं ते उत्तर आहे. आम्ही ते कितीदा वाचलं असेल. पण कुठे कोरलं आहे, याकडे या वर्षी पहिल्यांदा लक्ष गेलं. वेगळ्या वहीत नाही, स्वतःच्याच हातावर.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता असे फोटो, असे आवाज कॉम्प्युटरवर असतील. तुम्ही प्रणाली बदलाल तेव्हा फायली तर जपालच. पण त्यांच्याबद्दल लिहिलेलं कुठे साठतं, ते आधी पाहा आणि तेही वेगळं काढून ठेवा. सगळं नीट चाललेलं दिसल्यावरही दोन-तीन महिने जुनं काही पुसू नका. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा. वही आणि पेन पुरतं.

परवा आमच्या घरचं पाकीट आम्ही भरलं. आईंनी नावं सांगितली, आम्ही लिहिली. बाबा, आजी, आजोबा, थोरल्या आत्या. या वर्षी शिंपीकाकाही. शेवटी आई म्हणाल्या, “आणि ती लवकर आमेन म्हणणारी.” कचेरीत वहीत उतरवताना तिच्यापुढे काय लिहावं, ते सुचेना. मग लिहिलं: टेप नंबर एकोणीसमधली बाई.

फादरांनी वही चाळली. त्या ओळीपाशी थांबले, आमच्याकडे पाहिलं. आम्ही सांगितलं. त्यांनी ती ओळ तशीच राहू दिली.