आठवड्याची बेरीज

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम रंगात आला, की पेठांतली पोरं घरात सापडत नाहीत. सकाळी शाळेचा सराव, संध्याकाळी तालमीच्या पोरांबरोबर खेळ, रविवारी सामना. शाळेच्या सरांना संध्याकाळचे ठाऊक नसते, संध्याकाळच्या प्रशिक्षकांना सकाळचे. दोघांच्याही हिशेबी पोरगा बेतानेच खेळतो. सगळी बेरीज दिसते ती आईला, धुवायला पडलेल्या मोज्यांवरून!

वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचे हाड कोवळे असते. धावून, उड्या मारून त्यावर सतत ओढ बसली, की ते दुखते, सुजते. ऑसगुड आणि श्लाटर या डॉक्टरांनी १९०३ मध्येच हे दुखणे नोंदवले होते.

मग श्रम मोजायचे कसे? अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांची पद्धत घरातही जमते. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारावे, "शून्य ते दहामध्ये किती दमलास?" त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणावे. ६० मिनिटे आणि दमणूक ५, म्हणजे ३००. दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर हे मांडून आठवड्याची बेरीज करावी. ती मागच्या आठवड्यांपेक्षा एकदम फुगली, तर दोन्ही सरांना दाखवावी. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. दुखणे रेंगाळले, तर डॉक्टरांकडे जावे.

मात्र मोठा आकडा ऐकताच "उद्यापासून खेळ बंद!" असे दरडावू नये. एकदा तशी धास्ती बसली, की पोरगा लंगडत घरी येईल आणि सांगेल, "दोन!"