विंडोबाहेरचा शनिवार

७ ऑक्टोबर २०२५, कार्डिफ

आठ देशांच्या रग्बी संघटनांनी आज एकत्र पत्रक काढलं. आर-३६० या नव्या बंडखोर लीगशी जो करार करेल, त्याला राष्ट्रीय संघाचं दार बंद. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, सगळे एका सुरात. पत्रकावर वेल्सचं नाव नाही, त्यामुळे इथे तर्कांना ऊत आलाय. लीगचा चेहरा माईक टिंडल, २००३ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातला.

पत्रकातली भाषा खेळाच्या हिताची आहे. मला त्यात दुकानदाराची धास्ती दिसते. राष्ट्रीय संघटनेकडे विकायला एकच माल असा, जो कुठलाही धनाढ्य क्लब विकू शकत नाही: देशाची जर्सी. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाली तेव्हापासून संघटना हाच माल तारण ठेवून बोलणी करत आल्या आहेत.

२५ ऑक्टोबर

वेल्सच्या संघटनेने काल जाहीर केलं, चारऐवजी तीनच व्यावसायिक संघ ठेवणार. कुठला जाणार ते गुलदस्त्यात. ऑफिसात स्वान्सीच्या आणि लनेथलीच्या संघांचे पाठीराखे एकमेकांकडे पाहीनात. कार्डिफचा संघ एप्रिलमध्ये बुडाला आणि संघटनेनेच तो विकत घेतला, त्यामुळे कार्डिफवाले तेवढे निवांत.

आयर्लंडला हा प्रश्नच पडत नाही. तिथे लेन्स्टर, मन्स्टर हे प्रांतीय संघ संघटनेच्याच छत्राखाली आणि मोठ्या खेळाडूंचे करार थेट संघटनेशी. कोणी किती सामने खेळायचे, कधी विश्रांती घ्यायची, हे एकाच घरात ठरतं.

१ नोव्हेंबर

ट्विकनमला इंग्लंड २५, ऑस्ट्रेलिया ७. सामना यथातथाच. ऑस्ट्रेलियाचा धिप्पाड विल स्केल्टन फ्रान्समध्ये ला रोशेल क्लबकडे, लेन इकिटाऊ आणि टॉम हूपर इंग्लंडातच एक्सेटरकडे. तिघेही देशासाठी आज उपलब्ध नव्हते. कारण तारीख.

जागतिक संघटनेचा नियम क्रमांक नऊ सांगतो की, ठरलेल्या तारखांच्या 'विंडो'मध्ये देशाने बोलावलं तर क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे. विंडोबाहेर क्लबची मर्जी. यंदा ती पुढच्या आठवड्यात उघडते. आजचा सामना दोन संघटनांनी आपसात ठरवलेला, म्हणजे तिकिटांचा गल्ला जमवायला केलेला जादा प्रयोग. इंग्लंडचे खेळाडू मात्र हजर, कारण त्यांच्या संघटनेने गेल्या वर्षी क्लबांशी आठ वर्षांचा करार केलाय. वर्षाला सुमारे ३ कोटी ३० लाख पौंड क्लबांना आणि त्या बदल्यात निवडक खेळाडूंवर राष्ट्रीय प्रशिक्षकाचा जास्त हक्क. २०२२ मध्ये वॉस्प्स आणि वूस्टर, २०२३ मध्ये लंडन आयरिश असे तीन क्लब दिवाळखोरीत गेल्यावर उरलेले तडजोडीला तयार झाले नसते तरच नवल.

हे शहाणपण यायला पाव शतक लागलं. १९९८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाकडे निघाला तेव्हा थकलेल्या नावाजलेल्या खेळाडूंना विश्रांती हवी म्हणून क्लबमालक अडून बसले होते. काही जखमी, काही 'जखमी'. कोवळी पोरं पाठवली. ब्रिस्बेनमध्ये ७६-०. इंग्लंडात त्याला आजही नरकाचा दौरा म्हणतात. त्या दिवशी सुरुवातीपासून मैदानात उतरलेल्यांत एक एकोणीस वर्षांचा जॉनी विल्किन्सन होता. पाच वर्षांनी त्यानेच विश्वचषक जिंकून दिला, म्हणून ती कथा आता लोक हसत हसत सांगतात.

९ नोव्हेंबर

काल पॅरिसमध्ये दक्षिण आफ्रिकेने फ्रान्सला ३२-१७ असं लोळवलं. आंत्वान द्युपाँ नव्हताच. मार्चमध्ये डब्लिनला आयर्लंडविरुद्ध त्याचा गुडघा गेला, अस्थिबंध तुटला. तो सामना फ्रान्सने जिंकला, पुढे सहा देशांची स्पर्धाही. त्याचा पगार देणारा तुलूझ क्लब मात्र त्याच्याविना महिने मोजत बसलाय.

उलट हिशेबही आहे. जुलैत फ्रान्स न्यूझीलंडला गेला तो निम्मा-शिम्मा नवख्यांचा संघ घेऊन. फ्रेंच लीगची अंतिम लढत २८ जूनला, जादा वेळेपर्यंत रंगलेली, आणि पहिली कसोटी ५ जुलैला डनीडनमध्ये. दमलेल्यांना विश्रांती देण्याचं फ्रेंच संघटनेचं आणि लीगचं आधीच ठरलेलं. तिन्ही सामने हरले. न्यूझीलंडवाले चिडले: आम्ही तिकिटं कुणाला बघायला विकली? रास्त तक्रार. पण फ्रेंच खेळाडू दहा महिने खेळतो, हेही खरं. राष्ट्रीय संघाचा सामना आणि लीगचा सामना एकाच शनिवारी आला की फ्रान्समध्ये त्याला 'दुब्लाँ' म्हणतात. अशा दिवशी क्लब आपले सर्वोत्तम खेळाडू गमावून गुणांसाठी झुंजतो. वर्षभर खुराक तालमीने घालायचा आणि जोड ठरवायची दुसऱ्याने, वस्तादाला राग येणारच.

१५ नोव्हेंबर

जिंकलो! जपानविरुद्ध २४-२३, अगदी शेवटच्या क्षणी जॅरड इव्हान्सची पेनल्टी. इव्हान्स लंडनच्या हार्लेक्विन्सचा. स्टेडियमबाहेर अनोळखी माणसांनी मिठ्या मारल्या. जपानला एका गुणाने हरवल्याचा एवढा आनंद व्हावा, अशी वेल्सची अवस्था.

१६ नोव्हेंबर

पुण्याहून भाच्याचा फोन. त्याला कालचा निकाल सांगितला, आणि हेही की हा इव्हान्स २९ तारखेच्या दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या, विंडोबाहेरच्या सामन्यात खेळू शकणार नाही. "मामा, पण क्लब नाही म्हणूच कसा शकतो?"

त्याचा गोंधळ समजतो. तो क्रिकेटवर वाढला. आयपीएल बीसीसीआयचीच, मालक आणि निवडकर्ता एकाच दाराने आत येतात. भारताच्या पुरुष खेळाडूला परदेशी लीगमध्ये खेळायला मंडळ परवानगीच देत नाही. फ्रान्स-इंग्लंडात क्लब स्वतंत्र, त्यांचे मालक खासगी, संघटना बाहेरची. "म्हणजे आपल्याकडे भांडण मिटलंय." मिटलं नाही रे, म्हटलं, एकाच पक्षाने जिंकलंय.

त्याला प्रशांत महासागरातल्या बेटांचंही सांगितलं. २०१७ च्या नोव्हेंबरात ट्विकनमवर इंग्लंडच्या खेळाडूला सामन्याचे सुमारे २२,००० पौंड, समोरच्या सामोआवाल्याला जेमतेम ६५०. त्याच्या आधी २०१४ मध्ये सामोआच्या खेळाडूंनी इंग्लंडविरुद्धच्या सामन्यावर बहिष्काराची धमकी दिली होती, तीही कुठल्या क्लबविरुद्ध नव्हे, आपल्याच संघटनेच्या कारभाराविरुद्ध. अशा खेळाडूला 'यंदा देशाकडून नको खेळूस' असं सुचवायला युरोपीय क्लबला फार कष्ट पडत नाहीत. नियम नऊ कागदावर त्याच्या बाजूने आहे. घरभाडं क्लबच्या.

२२ नोव्हेंबर

न्यूझीलंड ५२, वेल्स २६. टॉम रॉजर्सचे तीन ट्राय. हरूनही मान ताठ ठेवण्याजोगा खेळ. विंडो आज संपली.

२७ नोव्हेंबर

परवा आफ्रिकेविरुद्ध खेळायच्या संघातून डझनभर नावं गळाली. लुई रीस-झॅमिट ब्रिस्टलला परत, टोमॉस विल्यम्स ग्लॉस्टरला, डॅफिड जेंकिन्स एक्सेटरला, इव्हान्स हार्लेक्विन्सला. पबमध्ये इंग्लिश क्लबांना यथेच्छ शिव्या. मी गप्प बसलो, पण इथे लिहितो: या वेळी क्लबांची बाजू खरी आहे. तीन आठवडे त्यांनी नियमाने दिले. चौथा सामना आमच्या संघटनेने हौसेने नव्हे, पैशासाठी लावला. स्टेडियम एका दुपारी भरलं की जो गल्ला येतो, त्यावर संघटना आणि तिचे व्यावसायिक संघ जगतात. तेव्हा ध्वज विरुद्ध थैली असं हे भांडण नाही. थैली दोन्हीकडे आहे, ध्वज फक्त एकीकडे लावलाय.

आणि इतके खेळाडू इंग्लंडात गेले का? पूर्वी परदेशी क्लबमध्ये असाल तर देशासाठी ६० सामने खेळलेले असण्याची अट होती. २०२३ च्या फेब्रुवारीत करारांच्या अनिश्चिततेला कंटाळून खेळाडूंनी इंग्लंडविरुद्ध न खेळण्याची धमकी दिली, तेव्हा ती २५ वर आली. दार संघटनेनेच रुंद केलं. घरी तीन संघच उरणार असतील तर पोरं आणखी बाहेर जाणार, आणि पुढचा असा चौथा सामना आणखी ओसाड होणार.

२९ नोव्हेंबर, रात्री

०-७३.

आफ्रिकेलाही परदेशी क्लबांतले काही जण मिळाले नव्हते. तरीही त्यांनी अकरा ट्राय केले. घरच्या मैदानावर वेल्सचा इतका मोठा पराभव कधी झाला नव्हता. शेवटी शेवटी एबन एट्झेबेथला लाल कार्ड, आमच्या अॅलेक्स मानच्या डोळ्यात बोट घातल्याबद्दल.

तिकडे फ्रान्समध्ये द्युपाँ आठ महिन्यांनी परतला, अर्थात तुलूझच्या जर्सीत.

५ डिसेंबर

एट्झेबेथला बारा आठवड्यांची बंदी. शिक्षा भोगायची कुठे? आफ्रिकेचे कसोटी सामने आता थेट पुढच्या जुलैत. म्हणजे मधले सगळे सामने बुडणार ते डर्बनच्या शार्क्स क्लबचे. गुन्हा देशाच्या जर्सीत, तोही विंडोबाहेरच्या सामन्यात. उद्या पबमध्ये हे काढतोच.