चार तासांची ओळख

वाचकहो, भाषांतरकाराच्या आयुष्यात संकटे येतात ती बहुधा शब्दांच्या रूपाने. तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक इंग्रजी लेख येऊन पडला. गोल्फ खेळून माणसाने व्यापारात आणि नोकरीत वर कसे चढावे, हा त्याचा विषय. वाक्ये सोपी होती, मजकूर दोन दिवसांत हातावेगळा होण्यासारखा होता. पण एक शब्द पानोपानी आडवा येत होता. तो शब्द म्हणजे 'नेटवर्किंग'. 'संपर्क साधणे' म्हणावे, तर सरकारी परिपत्रकाचा वास येतो. 'संबंध जोडणे' म्हणावे, तर वाचकाला मुलीचे लग्न आठवते. 'लागेबांधे' म्हटले की पोलीस चौकशी सुरू झाल्यासारखे वाटते. 'वशिला' हा तर उघड उघड आरोपच. शेवटी 'ओळखी वाढवणे' असे लिहून मी मजकूर छपाईला धाडला. पण मनाचे समाधान झाले नाही. ओळख आणि वशिला यांच्यामध्ये रेघ नेमकी कोठे ओढावयाची, हा प्रश्न तसाच राहिला. आणि योगायोग असा की, त्याच हिवाळ्यात तो प्रश्न माझ्या घरातच येऊन बसला.

आम्ही दिल्लीत राहतो. माझे यजमान यंत्रे तयार करणाऱ्या एका खाजगी कंपनीच्या विक्रीखात्यात आहेत. त्यांच्यानंतर दोन वर्षांनी नोकरीस लागलेले एक गृहस्थ त्यांना ओलांडून वरच्या जागी गेले. गृहस्थ कामात वाईट नव्हते, हे सांगितले पाहिजे. पण दर रविवारी सकाळी ते साहेबांबरोबर गोल्फ खेळत, हेही सांगितले पाहिजे. ह्यांनी ही हकीकत मला सांगितली तेव्हा आम्ही रात्रीच्या जेवणास बसलो होतो. "आपणही शिकून पाहावे म्हणतो," ते ताटातील भाताकडे पाहत म्हणाले. तो लेख मराठीत आणणारी मीच. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

तुमच्यापैकी पुष्कळांनी हा खेळ दूरचित्रवाणीवर ओझरता पाहिला असेल. ४६ ग्रॅमांहून किंचित कमी वजनाचा एक पांढरा चेंडू, तो टोलवण्यासाठी अधिकात अधिक १४ काठ्या, आणि विस्तीर्ण हिरवळीवर एकामागून एक असे १८ खळगे. प्रत्येक खळग्याची रुंदी १०८ मिलिमीटर. "म्हणजे जपमाळेच्या मण्यांइतकी," असे आमच्या सासूबाईंनी तात्काळ नोंदवले. कमीत कमी टोल्यांत चेंडू त्या सर्व खळग्यांत पोहोचवावयाचा, एवढाच काय तो खेळ. "मोठ्या माणसांचा विटीदांडू!" असा निकाल देऊन सासूबाई पुन्हा माळेकडे वळल्या.

परंतु व्यापारी माणसांना या खेळाचीच गोडी का लागावी? त्याचे उत्तर मला घड्याळात सापडले. १८ खळगे पुरे करावयास चार-सव्वाचार तास लागतात, आणि तेवढ्या वेळात सात-आठ किलोमीटर चालणे होते. प्रत्यक्ष चेंडू मारण्यात जाणारा वेळ काढला तर तो काही मिनिटांच्या वर भरत नाही. बाकीचा सारा वेळ दोघे-चौघे शेजारी शेजारी चालत असतात. ज्या साहेबांच्या खोलीत पाच मिनिटे उभे राहावयास आठवडाभर वाट पाहावी लागते, तेच साहेब येथे चार तास आपल्या खांद्याला खांदा लावून चालतात. शिवाय या खेळात 'हँडिकॅप' नावाची एक सोय आहे. कच्च्या खेळाडूला ठराविक टोल्यांची सूट मिळते, म्हणून मुरलेला खेळाडू आणि नवशिका यांचा सामना बरोबरीचा होऊ शकतो. बुद्धिबळात किंवा टेनिसमध्ये असे घडणे कठीण. तेथे साहेब एक तर दहा मिनिटांत हरतील, नाही तर जिंकून कंटाळतील.

हा मोह काही आजचा नव्हे. ब्रिटिश बेटांच्या बाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब आपल्याच देशात, कलकत्त्यास, १८२९ साली स्थापन झाला. व्यापारी आणि अधिकारी यांनी एकत्र चालण्याची सोय रेल्वेच्याही आधी या देशात आली, असे म्हणावयास हरकत नाही. जपानात १९५७ साली कॅनडा कप नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, ती यजमान जपानी जोडीनेच जिंकली, आणि त्यानंतर तेथील कंपन्यांत गोल्फची लाट उसळली. गिऱ्हाइकांचा पाहुणचार करण्यास जपानी भाषेत 'सेत्ताई' म्हणतात. त्यावरून 'सेत्ताई गोल्फ' असा शब्दच रूढ झाला. एकाच टोल्यात चेंडू खळग्यात गेला, तर त्या भाग्यवंताने मित्रमंडळींना मेजवानी आणि भेटी देण्याची तेथे रीत आहे. तो खर्च इतका जबर, की त्यासाठी जपानात विमा मिळतो! भाग्य उजळले तर पैसे भरून देणारा विमा मी दुसरा ऐकलेला नाही.

असो. मोठ्या क्लबांच्या सभासदत्वासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते आणि त्याची रक्कम आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नसते. ह्यांनी म्हणून लाडोसरायचा रस्ता धरला. तेथे दिल्ली विकास प्राधिकरणाने २००० साली सर्वांसाठी खुले केलेले मैदान आहे. पैसे भरावे, चेंडूंची बादली घ्यावी आणि कुतुबमिनाराच्या साक्षीने हात साफ करावा. पहिला महिनाभर चेंडू जागीच राही आणि माती तेवढी उडे. काठ्यांचा जुना संच हप्त्यांवर घेतला, त्यापायी त्या वर्षी दिवाळीत गावी जाणे राहून गेले. रविवारची सकाळ, जी आजवर पोह्यांची आणि मुलीच्या गणिताची होती, ती आता धुक्यात हरवू लागली. मुलगी एकदा विचारती झाली, "बाबांना कामावर सुट्टी कधी असते?" मी काही उत्तर दिले नाही.

वर्षभराने ह्यांना बोलावणे आले. साहेब, एक मोठे गिऱ्हाईक, त्या गिऱ्हाइकाचे एक स्नेही, आणि चौथे हे. संध्याकाळी घरी आले ते गप्प. रात्री सर्व निजल्यावर त्यांनी सांगितले ते असे. शेवटच्या खळग्यापाशी हे आणि ते गिऱ्हाईक अगदी बरोबरीत होते. ह्यांचा चेंडू खळग्यापासून जेमतेम दोन हातांवर. हलकेच ढकलावयाचा अवकाश. साहेबांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत, नुसते पाहिले. ह्यांनी काठी किंचित तिरकी धरली आणि चेंडू खळग्याच्या कडेने पुढे निघून गेला. गिऱ्हाईक खूश झाले, टाळ्या वाजल्या, चहा झाला. सामान उचलताना काठ्या वाहणारा कॅडी, पन्नाशीचा माणूस, खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, हा तर डोळे मिटूनही गेला असता."

वाचकहो, कॅडी या माणसाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मैदानावर त्याच्याइतका खेळ कोणालाच कळत नाही आणि त्याच्याइतके कमी कोणी बोलत नाही. १९९१ साली इंडियन ओपन ही मानाची स्पर्धा अली शेर यांनी दिल्लीत जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. आणि त्यांची सुरुवात इतरांच्या काठ्या वाहण्यापासून झाली होती. तेव्हा अशा माणसाच्या नजरेतून चुकवलेला टोला सुटेल, ही आशाच व्यर्थ.

"त्यात एवढे काय मोठे?" मी म्हटले. "खेळच तो."

"खेळ होता म्हणूनच," हे म्हणाले. "किंमत सांगताना मी आजवर एक रुपया खोटा सांगितला नाही."

दोन महिन्यांनी त्या गिऱ्हाइकाची मागणी आली. पुढच्या एप्रिलमध्ये ह्यांना बढती मिळाली. सासूबाईंनी पेढे वाटले. ह्यांची लायकी होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण पत्र हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले, आणि मग म्हणाले, "ही बढती माझी की त्या चुकलेल्या टोल्याची, हे आता मला कधीच कळणार नाही." लायक माणसाने आडवाटेने जाऊन गाठलेल्या मुक्कामाची ही खरी किंमत होय. मुक्काम मिळतो, पण तो आपल्या पायांनी मिळाला, ही खात्री मिळत नाही.

त्याच सुमारास त्यांना मी एक गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेत १९२५ साली राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स खेळत होते. दाट गवतात काठी टेकताना चेंडू किंचित हालला. तो हाललेला दुसऱ्या कोणीही पाहिला नव्हता. जोन्स यांनी स्वतःच पंचांना सांगितले आणि एका टोल्याचा दंड मागून घेतला. अखेरीस त्यांची बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक सामन्यात ते हरले. तो एक टोला धरला नसता तर अजिंक्यपद त्यांचेच होते. हे ऐकून ह्यांनी काठ्यांचा संच कोपऱ्यात उभा केला आणि कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही.

आता थोडे माझ्याविषयी. बढतीनंतर एका रविवारी क्लबात सहकुटुंब जेवणाचे आमंत्रण आले. पुरुषमंडळी मैदानावर गेली आणि आम्ही बायका व्हरांड्यात सरबत पीत बसलो. माझ्या शेजारी बसलेल्या बाई एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. दूरवर चालणाऱ्या टोप्यांकडे पाहत त्या म्हणाल्या, "आमच्याकडचे निर्णय सोमवारच्या सभेत होतात, पण ठरतात ते रविवारी." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, हिशेब होता. जगातील मोठमोठ्या क्लबांचाही हिशेब याहून वेगळा नाही. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनलने पहिल्या दोन स्त्री-सभासद घेतल्या त्या २०१२ साली, आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या क्लबाने स्त्रियांना दार उघडण्याचा ठराव केला तो २०१४ साली. आपल्या मुंबईत १९१८ साली विलिंग्डन क्लब निघाला, तोही गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता म्हणूनच. चार तासांची ओळख ही मोठी गोष्ट खरी. पण ज्याला फाटकाच्या आत घेतलेच नाही, त्याने ती कोठे करावी?

घरी परतताना माझ्या मनात आले, की मी तरी कोणत्या फाटकाबाहेर उभी आहे? आमच्या कचेरीत गोल्फ नाही. पण चहा आहे. दुपारी चार वाजता मंडळी रस्त्यापलीकडील टपरीवर जातात आणि पुढील अंकाची निम्मी आखणी तेथेच होते. मी आजवर मान खाली घालून मुद्रिते तपासत बसे आणि 'मला कोणी विचारत नाही' म्हणून मनात कुढत असे. दुसऱ्या दिवशी मी चष्मा मिटला आणि मंडळींबरोबर रस्ता ओलांडला. पहिल्या दिवशी सर्व जण अवघडले. चौथ्या दिवशी कोणीतरी विचारले, "बाई, बालविभागाला काय द्यावे?" मी सहा महिने मनात घोळवलेली कल्पना सांगितली. ती स्वीकारली गेली. मी कोणाची खुशामत केली नव्हती. फक्त माझे काम ज्यांना ठाऊक असावयास हवे, त्यांच्या कानापर्यंत मी स्वतः चालत गेले होते. हा काही वशिला नव्हे. काम बोलते असे आपण म्हणतो. पण त्याचा आवाज बंद खोलीबाहेर जात नाही, हेही तितकेच खरे.

गेल्या पावसाळ्यात ह्यांनी काठ्या पुन्हा बाहेर काढल्या. साहेबांबरोबरच्या एका सामन्यात सरावासाठी काठी फिरवताना ओल्या गवतातला त्यांचा चेंडू बोटभर हालला. कोणी पाहिले नव्हते. "माझा एक टोला वाढवा," हे म्हणाले. साहेबांनी विचारले, "कोणी पाहिला?" हे म्हणाले, "मी." साहेबांनी नुसते "बरं" म्हटले आणि कार्डावर आकडा लिहिला. हे तो सामना एका टोल्याने हरले. त्यातून पुढे काही फायदा झाला का, असे तुम्ही विचाराल. अद्याप तरी नाही. पण त्या संध्याकाळी ते घरी आले ते शीळ घालीत, आणि हातपाय धुऊन थेट मुलीच्या गणिताला बसले.

आता त्यांचा एक नियम आहे. महिन्यातून एकच रविवार मैदानाचा, बाकीचे घरचे.

मला त्या लेखाचे भाषांतर पुन्हा करावयास मिळाले, तर मी शब्द तोच ठेवीन. मात्र त्याचा अर्थ आता मला अधिक नीट सांगता येईल. चार तास शेजारी चालल्यावर समोरच्याला आपण जसे आहोत तसे दिसलो, तर ती ओळख. आणि त्याला दिसावे म्हणून आपण चेंडू कडेने जाऊ दिला, तर तो वशिला. मग तो हिरवळीवर केलेला असो की चहाच्या टपरीवर. तुमच्या गावात गोल्फचे मैदान नसेलही. पण दोन माणसांना शेजारी शेजारी चालावयास रस्ता प्रत्येक गावात असतोच.