तार कुठे टेकवायची?

बारा वर्षांपूर्वी झडप बदललेली बाई. लहानपणी संधिवाताचा ताप, मग महाधमनीच्या झडपेची गळती, मग धातूची झडप. आता जुन्या टाक्यांपाशी महाधमनीला भोक पडून बाहेर पिशवी फुगलेली, थेट छातीच्या हाडाला चिकटलेली. आमचे सर्जन मित्र एरवी आम्हाला पंक्चरवाले म्हणतात. सीटी बघून म्हणाले, "करवत लावली की फुटेल. तूच बघ."

जांघेतून वर जाऊन भोकात दोन चकत्यांची छत्री बसवायची, एवढंच काम. माझं घोडं अडतं तारेपाशी. जाड नळी वर चढवायची तर तारेचं टोक कुठेतरी टेकलेलं हवं. एरवी ते हृदयाच्या डाव्या कप्प्यात ठेवतो. पण धातूच्या झडपेतून तार घातली आणि पाकळी अडकली, तर पेशंट टेबलावरच जातो. मग उरते ती पिशवीच. तिला भिंत कसली, आजूबाजूचं चिकटलेलं नुसतं साल. त्यात तारेचं वेटोळं ठेवायचं. तारा बदलून पाहिल्या, टोकं वाकवून पाहिली; वीस वर्षांत मनासारखं उत्तर सापडलेलं नाही.

स्टेंटग्राफ्ट, म्हणजे आतून अस्तर देणारी कापड मढवलेली जाळी, का नाही? खाली हृदयाच्या धमन्यांची तोंडं, वर मेंदूकडे जाणाऱ्या फांद्या, मधे जागा चार बोटं. स्टेंटग्राफ्टचं नाव निघालं की लोक पारोदींनी तो १९९० मध्ये पहिल्यांदा बसवल्याचं सांगतात. खार्किवच्या वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत तो १९८७ मध्येच बसवला होता. हे मी प्रत्येक कॉन्फरन्सला ऐकवतो. वोलोदोस यांच्या न्यायासाठी नव्हे. मला ठाऊक आहे हे कळावं म्हणून.

त्या दिवशी नळी पिशवीच्या गळ्याशी आली आणि माझी फेलो हळूच म्हणाली, "सर, तार पुढे सरकतेय." मला पडद्यावर दिसलं नव्हतं. बोटांना कळायला हवं होतं, तेही कळलं नव्हतं. सिम्युलेटरवर शिकलेल्या पोरांच्या बोटांत जीव नसतो, असं मी चारचौघांत म्हणत आलोय. तार तिच्या हातात दिली. तिने दोन सेंटिमीटर मागे घेतली आणि तिथेच धरून ठेवली. छत्री तिनेच सोडली. मी शिशाचा एप्रन घालून शेजारी उभा, सूचना दिल्यासारखं काहीतरी पुटपुटत.

सहा महिन्यांनी सीटी झाला. पिशवीत रक्त गोठलंय, गळती नाही. प्रोसिजरच्या नोंदीत ऑपरेटर म्हणून माझं नाव आहे. ती मीच लिहिली होती.