शिवऱ्यापुढचा सचिवांचा मुलूख

पुण्याहून सातारच्या वाटेला लागले आणि खेड-शिवापूर मागे टाकले, की शिवरे येते. मोटारीतली मंडळी चहा घेतात नि निघतात. आपण भोर तालुक्यात आहोत, हे फारसे कुणी ध्यानी घेत नाही. मला मात्र इथून पुढे पाहताना दरवेळी नवल वाटते. राजगड, तोरणा, रोहिडा यांच्या कुशीतला हा मुलूख एका कारकुनी हुद्द्याच्या जोरावर संस्थान झाला तरी कसा?

सचिवाचे काम कागद तपासण्याचे. शिवछत्रपतींनी प्रधानांना रोख वेतन दिले. पद बापाकडून लेकाकडे जाऊ दिले नाही. पण राजाराम महाराज जिंजीत अडकले, खजिना रिता, आणि मोगलांशी झुंज तर चालवायची! तेव्हा जो मुलूख सोडवील त्याला त्यात वतन, असे धोरण धरावे लागले. शंकराजी नारायणांनी मावळातले किल्ले परत घेतले. 1697 साली ते सचिव झाले. लेखणीपाठोपाठ किल्ले आले, किल्ल्यांपाठोपाठ वसूल, आणि वसुलापाठोपाठ वारस. दिलेला अधिकार परत मागणे पुढे कुणाला जमले नाही.

1707 साली शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले. शंकराजींनी ताराबाईंशी इमान राखण्याची शपथ घेतलेली. लढावे तर गादीच्या वारसाविरुद्ध, न लढावे तर शपथ मोडते. आंबवड्याला त्यांनी आपला अंत करून घेतला. शाहूंनी मात्र सचिवपद त्यांच्या अज्ञान मुलाकडे, नारो शंकरांकडे, चालू ठेवले. बाप गेला, पद घरातच राहिले.

1848 साली सातारची गादी निपुत्रिक झाली, इंग्रजांनी ते राज्य खालसा केले आणि भोरकर थेट इंग्रजी छत्राखाली आले. 1947 साली औंध, फलटण अशा शेजाऱ्यांसह दक्षिणी संस्थानांचा संघ उभारण्याचा घाट घातला गेला. एकीत आपले काही उरेल, ही आशा. ती मोट बांधली न बांधली तोच सुटली: 8 मार्च 1948 रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झाले. कागद तपासणाऱ्यांचे राज्य कागदावरच संपले, ही त्यातली गंमत!

कापूरहोळला भोरचा फाटा फुटतो. राजवाडा पाहालच, चित्रपटांमुळे तो ओळखीचाही वाटेल. पण थोडा वेळ आंबवड्यासाठी राखून ठेवा. नागेश्वराकडे जाताना झुलता पूल लागतो, मुले तो हलवून पाहतील. शंकराजींची समाधी तिथेच आहे.